आठ शब्दांच्या आत

दुपारी लेकीच्या दवाखान्यात कान तपासून घ्यायला निघालेला तो लाँड्रीसमोर मध्येच थांबला, कारण वरच्या खिडकीतून वीस-पंचवीस माणसं एका सुरात त्याच्या बायकोबद्दल बोलत होती. लाँड्रीच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा क्लास होता. पाटी त्याने येताजाता पाहिलेली, पण वर्ग कधी कानावर पडला नव्हता. आवाज मोठ्या माणसांचे होते, शिकायचं वय उलटल्यावर पदरमोड करून शिकायला बसलेल्यांचे, म्हणून बेंबीच्या देठापासून आलेले. "शी कुड नॉट टेक इट एनी मोअर," वर्ग म्हणाला. मास्तर म्हणाले, "पुन्हा," आणि वर्ग पुन्हा म्हणाला. मग मास्तरांनी अर्थ सांगितला, "तिला ते आता सोसवेना," आणि वर्गाने तोही म्हणून टाकला, जरा जास्त मोकळ्या गळ्याने. खालच्या इस्त्रीची गरम ओलसर वाफ त्याच्या तोंडावर येत होती. लाँड्रीवाल्याने मान वर करून पाहिलं, हे गिऱ्हाईक नाही हे ओळखलं आणि पुन्हा बाहीवर इस्त्री फिरवली. तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला. "सर, ते म्हणजे काय पण? काय सोसवेना तिला?" मास्तर गमत्या स्वभावाचे असावेत. "काहीही घाला हो. ऊन घाला, साहेब घाला, सासू घाला." वर्ग खो खो हसला. फुटपाथवर उभ्या उभ्या त्याच्या ओठांशी उत्तर आलं होतं: दुखणं. तिला दुखणं सोसवेना. पण ते ओठांशीच राहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता आणि त्याने स्वतःलाही नाही.

त्याचा धंदा सांगितला की लोक हसत. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश आणि पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका छापखान्यात तो जन्मभर उदाहरणं लिहीत आला. अर्थ लिहिणारे पंडित वेगळे. ते एकेका शब्दाचे अर्थ पाडून, त्यांना आकडे देऊन कागद खाली पाठवायचे, आणि प्रत्येक आकड्याखालची मोकळी ओळ भरायचं काम याचं. छापखान्यात त्याला वाक्यवाले म्हणत, फोनवरच्या मुलीपासून मालकांपर्यंत सगळे. नियम सोपे होते. वाक्य आठ शब्दांच्या आत. त्यात कुणाचं नाव नको, गावाचं नाव नको, कुणाचं मन दुखेल असं काही नको. आणि तरीही ते खऱ्या माणसाच्या तोंडचं वाटलं पाहिजे, कारण लाकडी वाक्य शिकलेला माणूस लाकडासारखाच बोलतो, असं जुने मालक म्हणायचे. आता नाव-गाव गाळून, मन न दुखवता, आठ शब्दांत खरं वाटणारं वाक्य आणायचं कुठून? डोक्यातून काढलेली वाक्यं वाचताना भुसा चावल्यासारखी लागत. मग त्याला एक युक्ती सापडली, किंवा खोड लागली म्हणा. तो घरात कान देऊन बसू लागला. घरचं बोलणं उचलायचं, त्यातला मी काढून ती घालायची, तुम्ही काढून तो घालायचा, आधीचं-नंतरचं पाल्हाळ छाटायचं, की वाक्य तयार. छापखान्यात त्याच्या वाक्यांची वाहवा व्हायची. कुठून सुचतं हो तुम्हाला, असं विचारलं की तो नुसता मान हलवायचा.

सुरुवातीला घरात या गोष्टीची मजाच होती. बायको मुळात बडबडी, आणि आपलं बोलणं छापलं जातं याचं तिला नाही म्हटलं तरी अप्रूप. भांडता भांडता ती मध्येच थांबून म्हणायची, "हे घ्या, लिहून ठेवा, पुन्हा मिळायचं नाही असं." तिला त्याचा चेहरा पाठ होता. हवं ते वाक्य कानावर पडलं की त्याच्या भुवया किंचित वर जात आणि नजर माणसावरून उठून कुठेतरी भिंतीवर जाऊन बसे. ते दिसलं की ती हात पुसत पुसत विचारायची, "मिळालं वाटतं?" आणि तो चोरी पकडल्यासारखा हसायचा. लेक लहान होती तेव्हा एकदा शाळेतून रडत आली. मैत्रिणीने तिची बाकावरची जागा घेतली होती आणि बाईंनी हिलाच मागे बसवलं होतं. सगळी संध्याकाळ ती हुंदके देत तेच तेच सांगत राहिली. पुढल्या वर्षी शाळेत इंग्रजीचं नवं पुस्तक आलं आणि त्यात ती ओळ होती, तिने माझी जागा घेतली. मैत्रीण शेजारीच बसलेली. वर्गात काय झालं ते लेकीने घरी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती रडायला गच्चीवर जाऊ लागली. "पोरीचं नको हो घेत जाऊ," बायको तेव्हा म्हणाली होती. "माझं घ्या हवं तेवढं."

ते वाक्य ज्या शब्दाखाली गेलं तो शब्दही हाच, क्लासच्या वाक्यातला, टेक. या शब्दाने त्याचा जीव मेटाकुटीला आणला. चारचौघांत वापरला जाणारा साधा शब्द, म्हणजे घेणे, असं शिकणारा पहिल्या दिवशी शिकतो आणि खूश होतो. दुसऱ्या दिवशी कळतं की तो म्हणजे नेणेसुद्धा. मग वेळ लागतो तिथेही तोच, औषध पोटात जातं तिथेही तोच, फोटो काढायचा तरी तोच आणि बस पकडायची तरी तोच. घरजावयासारखा प्रत्येक वाक्यात येऊन पाय पसरून बसलेला. पंडितांनी त्याचे अर्थ पाडून पाठवले ते बघूनच त्याने डोक्याला हात लावला होता. एकेका आकड्याखाली त्याने घरचं माणूस बसवलं. वेळ लागण्याखाली स्वतःची अंघोळ. आईच्या वळणावर जाण्याखाली लेक. औषधाखाली बायको, कारण तोवर तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि नेण्याखालीही बायकोच, कारण तिला दवाखान्यात न्यावं लागत होतं. शेवटी एकच ओळ राहिली. सोसणे, सहन होणे. त्या ओळीसाठी काही मिळेना. त्याने ऊन घालून पाहिलं, साहेब घालून पाहिला, आत्ता वरच्या मास्तरांनी घातलं ते सगळं त्याने तेव्हाच घालून पाहिलं होतं. सगळं लाकूड.

आणि मग ती दुपार. तो लाँड्रीपासून निघाला होता खरा, पण पाय त्या दुपारीतच अडकले होते. खोलीत स्पिरिटचा वास, उशाशी पिळून ठेवलेला ओला नॅपकिन, खिडकीला आडवा लावलेला पडदा आणि त्यातून भिंतीवर पडलेली उजेडाची पट्टी. बायको पाठीवर निजलेली. तो शेजारी खुर्चीत, मांडीवर छापखान्याचे कागद, कारण रजा किती घेणार, काम घरीच आणायचा. तशी त्याने तिची सेवा केली नाही असं नाही. उठवायचं, बसवायचं, पाठ पुसायची, सगळं केलं. मधल्या वेळात पेन्सिल घेऊन बसायचा. दुपारभर ती गप्प होती आणि मग तोंड न वळवता म्हणाली, मला आता नाही सोसवत. आणि त्याच्या आत काहीतरी जागच्या जागी बसलं. वाईट नंतर वाटलं. खूप वाटलं, रडलाही तो न्हाणीघरात नळ सोडून. पण आधी बरं वाटलं. किती वेळ? पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात तिने मान वळवली होती आणि त्याच्याकडे पाहिलं होतं. "मिळालं वाटतं?" ती म्हणाली. तो हसला. तीही हसली, असं तो आजवर धरून चालला होता. दाराशी लेक पाण्याचा पेला घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती ते त्याला माहीत नव्हतं. त्याने कागदावर ओळ लिहिली, मी काढून ती घातली, पुढचं-मागचं छाटलं, आणि ते टेक जिथं बसायला हवं होतं तिथं असं चपखल बसलं की पंडितांनी त्यावर एक खूणसुद्धा केली नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

पुस्तक निघालं, गाजलं, शाळाशाळांतून आणि क्लासक्लासांतून गेलं. लेक शिकली, कान तपासण्याच्या कामाला लागली, लग्न झालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दर रविवारी फोन करायची, न चुकता, आणि बोलायची. आज उकडतंय. गाडीला गर्दी होती. तब्येत ठीक आहे. दुकानं लवकर बंद झाली. त्याला वाटे, थकत असेल, संसार आहे, नोकरी आहे. एका रविवारी ती म्हणाली, "आमच्या शेजाऱ्यांकडे एक काळं कुत्रं आहे," आणि त्याने ते ओळखलं. ते वाक्य त्याचं होतं. दुकानांचंही त्याचंच, गर्दीचंही. ती त्याच्याशी फक्त छापून झालेली वाक्यं बोलत होती, ज्यातून आता कुणाला काही घेता येणार नाही अशी. तिच्या शेजारी कुत्रं नव्हतंच. त्याने तिला हे कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? तेव्हापासून त्याला जगात दुसरं काही नको होतं. लेकीने एकदा आपल्याशी तिचं स्वतःचं काहीतरी बोलावं, मग ते शिव्याशाप का असेना. कान मंदावलेत असं त्याने फोनवर सांगितलं त्यात बारा आणे खोटं होतं. "दवाखान्यात या, तपासू," ती म्हणाली होती, आणि हे वाक्य पुस्तकात नाही म्हणून त्याचा सबंध दिवस चांगला गेला होता.

छापखाना वाटेवरच होता. नव्या आवृत्तीचं काम चालू आहे हे त्याला माहीत होतं, निवृत्त झाल्यावरही एक प्रत घरी यायची. आत आता छपाईच्या खिळ्यांचा खडखडाट नव्हता की शाईचा वास नव्हता. काचेची दारं आणि पडद्यांसमोर वाकलेली पोरं. संपादन पाहणारी बाई त्याच्या लेकीच्याच वयाची, त्याला मानणारी. तिने खुर्ची पुढे केली.

"एक वाक्य काढायचंय," तो म्हणाला. "टेकच्या पानावरचं. सोसण्याखालचं."

तिने पडद्यावर पान आणलं. "अहो सर, हे? मास्तर लोकांना हेच तर आवडतं. वर्गात म्हणे यावरून गप्पा रंगतात. चुकलंय का काही?"

"चुकलं नाही. काढा."

"का पण?"

"माझं आहे," तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की आपण खोटं बोललो.

तिने खांदे उडवले. तो भांडायच्या तयारीने आला होता. घसा साफ करून ठेवला होता, मालकांपर्यंत जाऊ असं ठरवून टाकलं होतं. बाईंनी एका बोटाने कळ दाबली आणि बायको गेली. "दुसरं द्याल का आत्ता? नाहीतर राहू द्या, आता वाक्यांना तोटा नाही. यंत्राला मागितली की शंभर देतं." तिने मागितलंही, आणि त्यातलं पहिलंच उचलून तिथे ठेवलं. 'त्याला गोंगाट सहन होत नाही,' असं ते वाक्य होतं. "हे बरंय ना? कुणाला लागणारही नाही." तो बरंय म्हणाला. आपण जन्मभर दाराआड कान लावून जे गोळा केलं ते आता नळाला येतं, हे त्याला कळत होतं, आणि त्याचं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नव्हतं. तो घाईत होता. लेकीला सांगायचं होतं. जिन्यावरून उतरताना त्याने मनातल्या मनात तिला दोनदा सांगूनही टाकलं.

दवाखान्यात गर्दी ओसरली होती. लेकीने पांढरा कोट घातला होता, केस घट्ट बांधलेले, आईसारखेच. आलात, बसा, असं म्हणून तिने त्याला आतल्या खोक्यात नेलं. खोका म्हणजे खोलीतली खोली, माणूसभर उंचीची, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे आणि आत कापूस, एका बाजूला जाड काच. दार बंद झालं तसा जगाचा आवाज कुणीतरी सोलून काढल्यासारखा गेला. स्वतःचा श्वास मोठा झाला. "दार आतून उघडतं," तिने बंद करण्याआधी सांगितलं होतं, "काही जण घाबरतात." तिने उजव्या कानाला लाल आणि डाव्याला निळा असे ते कानावरचे डबे चढवले होते आणि हातात वायरीचं बटण दिलं होतं. आता ती काचेपलीकडे बसली होती आणि तिचा आवाज थेट त्याच्या डोक्यात येत होता. "शिट्टी ऐकू आली की दाबा. कितीही बारीक असली तरी." तो दाबत गेला. बारीक, आणखी बारीक, मुंगीने शीळ घालावी तशा शिट्ट्या. तिची नजर यंत्रावर होती, त्याच्याकडे नव्हती. मग शब्दांची पाळी आली. ती म्हणणार आणि त्याने मागून म्हणायचं. घर, तो म्हणाला घर. पाट, पाट. दोर, दोर. ती एकाच सपाट आवाजात म्हणत होती, दिवसभर सगळ्यांना म्हणते तशी, आणि त्याला भरून आलं, कारण रविवारचा आवाज हाच होता.

"कान चांगले आहेत तुमचे," ती म्हणाली. "वयाच्या मानानं उत्तमच आहेत."

"ऐक," तो म्हणाला. खोक्यात त्याचा आवाज चिमूटभर झाला होता. "मी ते वाक्य काढायला लावलं. आत्ता, येतायेता. नव्या पुस्तकात नसेल."

"कुठलं?"

"आईचं."

तिचा हात बटणांवर थांबला. तो वाट बघत राहिला. जिन्यावर मनातल्या मनात सांगताना त्याने या जागी तिचा चेहरा निवळताना पाहिला होता.

"का काढलंत?" ती म्हणाली.

"तुला... तू बोलत नाहीस माझ्याशी. त्यामुळंच ना?"

"मी कधी म्हटलं काढा म्हणून?"

"तू काहीच म्हणत नाहीस."

"बाबा, आईचं सगळं गेलं. साड्या वाटल्या, पलंग दिला. तेवढं एक होतं. लोक म्हणायचे मोठ्यानं. आमच्या इथल्या कंपाउंडरनं क्लास लावला, तो फाइल काढता काढता म्हणायचा. मी ऐकायची." तिने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा त्याच्या कानात स्पष्ट आला. "अर्धं होतं. पण होतं."

"अर्धं?"

आता तिने मान वर केली. काचेत तिच्या चेहऱ्यावर त्याचा चेहरा पुसट पडला होता आणि त्याला दोन्ही दिसत होते. लाँड्रीसमोर ऐकलेला प्रश्न त्याला पुन्हा आठवला: काय सोसवेना तिला? त्याला वाटलं, हिने पुढे बोलू नये. आणि इतकी वर्षं तर त्याने हेच मागितलं होतं.

"तुम्ही पुढचं-मागचं छाटलंत," लेक म्हणाली. "छाटून छाटून तुमच्या लक्षातून पण गेलं असेल. मी दारात होते. आई म्हणाली, दुखण्याचं काही नाही हो, दुखणं मी काढीन, पण तुम्ही असे कान टवकारून शेजारी बसता ना, मी कधी बोलतेय याची वाट बघत, ते मला आता नाही सोसवत."

खोक्यात कुठलाच आवाज नव्हता. शब्द बाहेरून आल्यासारखे वाटतच नव्हते, कानांच्या मधोमध, त्याच्या आत बोलल्यासारखे वाटत होते, आणि बायकोच्या आवाजात. हो, असंच म्हणाली होती ती. हुबेहूब असंच. त्याला सगळं आठवलं, भिंतीवरची उजेडाची पट्टीसुद्धा जागेवर आली. मान वळवून बघताना ती हसली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते खरं होतं, त्यात खोट नव्हती. पण त्याच्याही आधी, पापणी लवेपर्यंत, दुसरंच काहीतरी होऊन गेलं होतं. किती लांब वाक्य, त्याच्या मनात आलं होतं, आणि किती जिवंत. आठात बसणार नाही. त्याची नजर लेकीवरून उठून खोक्याच्या भोकाभोकांच्या भिंतीवर जाऊन बसली होती. ती परत खाली आणेपर्यंत उशीर झाला होता.

"मिळालं?" लेकीने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं, पण तिलाही त्याचा चेहरा पाठ होता. तिने हात पुढे करून काहीतरी दाबलं आणि कानांतला तिचा श्वास बंद झाला. मग ती बोलू लागली. काचेपलीकडे, माइक बंद करून, त्याच्याकडे बघत. मध्ये थांबली, कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा बोलू लागली. भुवया आईसारख्या जवळ येत होत्या, हात हवेत जाऊन खाली येत होते, एकदा ती हसलीसुद्धा, कशाला ते कळायला मार्ग नव्हता. इतकं ती लहानपणी बाकाची जागा गेल्यावर बोलली होती, त्यानंतर आज. ओठांवरून काही लागतंय का ते त्याने पाहिलं, एकही शब्द लागला नाही. दार आतून उघडत होतं. पण ते उघडलं की ती थांबेल हे त्याला ठाऊक होतं. म्हणून वायरीचं बटण हातात धरून तो तसाच बसून राहिला, सगळं ऐकू येत असल्यासारखा चेहरा करून.